साक्षीला राहिलेलं कापड

(परभणी येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी अशा चित्रांबद्दल बोलणार आहे, ज्यांतली बहुतेक तुम्ही पाहिलेली नाहीत आणि मीही पाहिलेली नाहीत, कारण ती जळून गेली. ती रंगवली गेली आपल्याच मराठवाड्यात, अजिंठ्याच्या लेण्यांत. परभणी आणि अजिंठा दोन्ही निजामाच्या राज्यात, एकाच औरंगाबाद सुभ्यात होती. त्यामुळे अजिंठ्याच्या भिंतींचं जे बरंवाईट झालं, तो आपल्या घरचाच इतिहास आहे.

आधी थोडं लांबून येतो. युरोपात एखाद्या राजवाड्याच्या किंवा नगरभवनाच्या भिंतीवर इतिहासातला प्रसंग रंगवायचा असला, की चित्रकार आधी लहान कापडावर तैलरंगात त्याचा आराखडा करायचा. कोण कुठे उभं राहील, उजेड कुठून येईल, लाल रंग किती आणि निळा किती, हे सगळं त्या हातभर कापडावर ठरायचं. काम देणाऱ्याने ते पसंत केलं की मग परांची बांधून भिंतीला सुरुवात. पॅरिसच्या नगरभवनातल्या एका दालनाचं छत देलाक्रवा या चित्रकाराने १८५४ पर्यंत असंच पुरं केलं. १८७१ साली पॅरिस कम्यूनच्या धामधुमीत ती इमारत जळाली आणि छत गेलं. मधल्या मोठ्या चित्राचा तैल आराखडा मात्र पॅरिसमध्ये आजही आहे, आणि ते छत साधारण कसं होतं हे आपल्याला त्याच्यावरून समजतं.

लंडनचं एक उदाहरण याहून बोलकं आहे. हॉल्बाइन या चित्रकाराने १५३७ साली व्हाइटहॉल राजवाड्याच्या भिंतीवर आठव्या हेन्रीचं, त्याच्या आईवडिलांसह आणि राणीसह, भव्य चित्र काढलं. १६९८ च्या आगीत राजवाडा गेला, भिंतही गेली. मागे दोन वस्तू राहिल्या. एक म्हणजे हॉल्बाइनने भिंतीवर उतरवण्यासाठी केलेल्या पूर्ण आकाराच्या कागदी खाक्याचा अर्धा भाग. दुसरी म्हणजे आगीच्या आधी, १६६७ मध्ये, दुसऱ्या एका चित्रकाराने तैलरंगात करून ठेवलेली लहान नक्कल. दोन्ही शेजारी ठेवल्या की चकित व्हायला होतं. खाक्यात हेन्रीचा चेहरा किंचित वळलेला आहे, नकलेत तो समोर, थेट आपल्याकडे बघतो. याचा अर्थ भिंतीवर काम करताना हॉल्बाइनने विचार बदलला. राजाची ती दरारा बसवणारी समोरची नजर त्याला आधी सुचलेली नव्हती. चित्रकाराच्या मनात काय होतं ते खाक्याने सांगितलं, भिंतीवर काय झालं ते नकलेने. नुसता खाका उरला असता तर आपण चुकीचा हेन्री खरा मानून बसलो असतो.

अजिंठ्याच्या चित्रकारांचे कच्चे आराखडे आपल्यापर्यंत आलेले नाहीत. तिथे पहिली रेघ भिंतीवरच, गेरूने ओढली जायची, आणि रंगाचा पोपडा निघाला की खालची ती रेघ काही ठिकाणी उघडी पडलेली दिसते. म्हणजे अजिंठ्यापाशी भिंत आहे आणि नंतरच्या नकला आहेत, एवढंच. भिंत रोज थोडीथोडी जाते आहे. म्हणून नकलांची गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या घळीत पोचला आणि इंग्रजांना लेण्यांचा पत्ता लागला. शेजारच्या लेणापूरच्या लोकांना ती ठाऊक होतीच. गावाच्या नावातच लेणी आहेत. स्मिथच्या मागोमाग हौशी पाहुणे आले आणि त्यांतल्या काहींनी भिंतीवरचे चेहरे सुरीने सोलून नेले. असा एक तुकडा आज अमेरिकेत, बोस्टनच्या संग्रहालयात आहे. जेम्स फर्ग्युसन यांनी १८३९ मध्ये लेणी पाहिली आणि १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला. चित्रं नष्ट होताहेत, निदान नकला तरी करून घ्या, असा तगादा सोसायटीने कंपनी सरकारकडे लावला. १८४४ मध्ये त्या कामावर मद्रास फौजेतला कॅप्टन रॉबर्ट गिल नेमला गेला.

गिल आपल्याला माहीत आहे तो त्याच्या प्रेयसीमुळे, पारोमुळे. अजिंठा गावात तिची कबर आहे, १८५६ सालची. ना. धों. महानोरांनी त्या दोघांवर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं, नितीन देसाईंनी त्याच नावाचा चित्रपट काढला. ते प्रेम मनाला भिडतं, ते आठवणीत राहिलं याचा मला आनंदच आहे. पण त्याच माणसाने लेण्यांच्या अंधारात वीसेक वर्षं उभं राहून जे रंगवलं, त्याची आठवण आपण फारशी ठेवली नाही, ही मला लागून राहिलेली गोष्ट आहे.

गिल अजिंठा गावच्या बारदरीत राहायचा. तिथून लेण्यांपर्यंत डोंगरातली वाट. आत वटवाघळं, वर मधमाश्यांची पोळी, भिंतींवर शतकांचा धूर आणि धूळ. सूर्यप्रकाश दारापुरताच. त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात सुमारे तीस चित्रं केली. मधे १८५७ चं बंड झालं आणि काम खोळंबलं. १८५६ च्या सुमारास तो कॅमेराही वापरू लागला होता, आणि त्याने काढलेल्या छायाचित्रांची पुस्तकं १८६४ मध्ये लंडनला निघाली. पण अंधारातल्या भिंतीवरचा रंग टिपणं त्या काळच्या कॅमेऱ्याच्या ताकदीबाहेरचं होतं. रंग टिपायला ब्रशच हवा होता.

गिलची चित्रं विलायतेला गेली आणि लंडनजवळच्या सिडनहॅमला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. काचेची आणि लोखंडाची ती इमारत त्या काळचं आश्चर्य होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी तिच्या एका बाजूला आग लागली. गिलची जवळजवळ सगळी चित्रं त्यात खाक झाली, वाचली ती जेमतेम चारपाच. जी जळाली त्यांपैकी काहींची छोटी लाकडी ठशांची रेखाचित्रं श्रीमती स्पायर यांच्या १८५६ सालच्या ‘लाइफ इन एन्शंट इंडिया’ या पुस्तकात जॉर्ज शार्फने केलेली आहेत. पुरुषभर उंचीचं रंगीत चित्र, आणि त्यातून उरलेली तळहाताएवढी काळी रेघ. गिल तेव्हा हयात होता. १८७९ साली तो वारला, भुसावळला त्याचं थडगं आहे. आगीची बातमी ऐकून त्याला काय वाटलं असेल, याचा विचार मी कापडावर तैलरंगात काम करणारा माणूस म्हणून पुष्कळदा करतो.

आता दुसरी फेरी. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत जॉन ग्रिफिथ्स नावाचे शिक्षक होते, १८६५ मध्ये आलेले. पुढे म. वि. धुरंधर त्यांच्याच हाताखाली शिकले. गिलच्या नकला गेल्या तर पुन्हा करू, असा त्यांनी सरकारकडे आग्रह धरला आणि १८७२ च्या डिसेंबरात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ते अजिंठ्याला आले. थंडीच्या दिवसांत काम, उन्हाळा लागला की परत. हे १८८५ पर्यंत चाललं. विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होता, तेव्हा विशीतला, पुढे पारशी घरांतली माणसं आणि प्रसंग रंगवून मोठं नाव कमावलेला. जगन्नाथ अनंत होता. आणखीही होते. पुस्तकावर नाव ग्रिफिथ्स यांचं आहे आणि ते योग्यच आहे, कारण सगळी धडपड त्यांची. पण कित्येक कॅनव्हासवर हात फिरला तो या मुलांचा, आणि अजिंठ्यानंतर चौदाशे वर्षांनी त्या चेहऱ्यांसमोर बसून त्यांची भुवई कशी वळते हे हाताने शिकणारी ही भारतीय चित्रकारांची पहिली तुकडी होती.

त्यांच्या कामातली एक गोष्ट जवळून सांगतो. ही मुलं भिंतीवर जे होतं ते रंगवत होतीच, आणि जे गेलं होतं तेही रंगवत होती. जिथे गिलावा ढासळून दगड उघडा पडलेला, तिथे कापडावरही तो उघडा दगड. रंगाची खपली निघून दंडाचा तुकडा नाहीसा झालेला, तर खपलीची कड जशी दातेरी, तशीच कापडावर. भोकांची, तड्यांची, डागांची चित्रं. हे काम कंटाळवाणं असतं. कोणत्याही चित्रकाराचा हात तो दंड पुरा करायला शिवशिवतो. पेस्तनजीला तो सहज पुरा करता आला असता. तो केला नाही म्हणून आज अभ्यासकाला प्रत आणि भिंत शेजारी ठेवता येते, आणि अमुक खपली ग्रिफिथ्सच्या मंडळींच्या वेळी होती, अमुक नंतर पडली, हे दाखवता येतं. नकलेची किंमत मी या प्रामाणिकपणावर ठरवतो. सुंदर नकला पुष्कळ होतात.

सोळाव्या लेण्यातला एक प्रसंग घ्या. एक राजस्त्री आसनावर कलली आहे. मान खाली झुकलेली, पापण्या मिटत आलेल्या, बोटांतलं बळ गेलेलं. मागून एक दासी तिला सावरते, एक हात धरून बसली आहे, एक वारा घालते. ग्रिफिथ्सनी तिला मरणोन्मुख राजकन्या म्हटलं आणि तिच्यात याहून अधिक भाव फ्लॉरेन्स-व्हेनिसचे चित्रकारही आणू शकले नसते, अशा अर्थाचं लिहिलं. नंतरच्या अभ्यासकांनी ओळखलं की ती बुद्धाचा भाऊ नंद याची पत्नी सुंदरी आहे. नंद भिक्षू झाला याची खूण म्हणून त्याचा मुकुट घेऊन माणूस आला आहे आणि ते बघून ती कोसळते आहे. सोळाव्या लेण्यातली चित्रं आज फार काळवंडली आहेत. तुम्ही टॉर्चच्या उजेडात तिथे उभे राहिलात तर तो झुकलेला मानेचा बाक डोळ्यांना शोधावा लागतो. १८९६-९७ साली निघालेल्या ग्रिफिथ्सच्या दोन खंडांत मात्र तो लगेच सापडतो. हे खंड निघाले म्हणून बरं झालं, कारण १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला पुन्हा आग लागली आणि या दुसऱ्या फेरीतल्याही शंभराहून अधिक नकला जळाल्या.

तैलरंगाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अजिंठ्याच्या भिंतीवर तेलाचा थेंब नाही. खडबडीत कोरलेल्या दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस, गवत, तंतू कालवलेले. त्यावर चुन्याचा पातळ हात. आणि कोरड्या पृष्ठभागावर डिंकात किंवा सरसात खललेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी, आणि दूर अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला निळा लाजवर्द. असा रंग वाळला की चमकत नाही. उजेड त्यावर पडतो आणि मऊ पसरतो. तैलरंगाचं वागणं वेगळं. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच जवसाच्या तेलात तो खललेला असतो. तेलामुळे रंग खोल, ओलसर, गडद दिसतो, सावल्यांना वजन येतं. ज्याचा हात तेलात तयार झाला, तो नकळत गालाखाली सावली घालतो, नाकाला उठाव देतो. अजिंठ्यातही उठाव आहे, पण तो रेघेच्या जोरावर आणि हलक्या छटेने आणलेला. तैलप्रतीत बोधिसत्त्व थोडासा विलायती बैठकीत बसल्यासारखा जड होतो. हा गिलचा किंवा पेस्तनजीचा दोष मी मानत नाही. त्या काळी भव्य चित्र म्हणजे तैलचित्र हीच समजूत होती, आणि समुद्रापार पाठवायला कापडाची गुंडाळी सोयीची होती. पण ही प्रत वाचताना तेलाचा भाग मनातल्या मनात वजा करायला शिकावं लागतं.

हे नेमकं ज्यांच्या लक्षात आलं त्या लेडी हेरिंगहॅम. त्या स्वतः तेलाशिवायच्या जुन्या चित्रपद्धतीच्या जाणकार होत्या, चेन्निनीच्या जुन्या इटालियन ग्रंथाचं भाषांतर त्यांनी १८९९ मध्ये केलं होतं. १९०९ ते १९११ या काळात त्या अजिंठ्याला आल्या आणि त्यांनी तेल टाळलं. मदतीला कोलकात्याचे नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा. आणि निजामाच्या राज्यातून आलेले सय्यद अहमद आणि फजलुद्दीन काझी. सय्यद अहमद यांचं नाव मराठवाड्याने विसरू नये. पुढे ते लेण्यांचे व्यवस्थापक झाले आणि नकला करत राहिले. निजाम सरकारने १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम याजदानी त्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी अजिंठ्यावरचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध केले. हैदराबादच्या राज्य संग्रहालयात अजिंठ्याच्या प्रतींचं दालनच आहे. कोणी हैदराबादला गेलात तर चारमिनारबरोबर तेही बघा.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना जीव थोडा जड होतो. नकला करणाऱ्यांनीच भिंतीला इजाही केली. धुळीने आणि धुराने झाकलेले रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्सच्या काळात मूळ चित्रांवर व्हार्निश चढवलं गेलं. व्हार्निश लावल्याबरोबर रंग कसा झळाळून उठतो हे प्रत्येक चित्रकाराला माहीत आहे. तो मोह मला समजतो. पण वर्षं गेली तसं ते पिवळं, मग तपकिरी झालं, आणि सुकताना आक्रसून खालचा रंग ओढू लागलं. १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने चांगल्या हेतूने इटलीहून चेक्कोनी आणि ऑर्सिनी या दोन जाणकारांना बोलावलं. त्यांनी सुटणारे पोपडे बसवले, पडणारा गिलावा धरून ठेवला, त्यामुळे पुष्कळ वाचलंही. पण त्यांनी वापरलेली लाखही पुढे काळवंडली. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ कापसाच्या बोळ्याने वीतवीत जागेवरून ते थर उतरवत आले आहेत. म्हणजे एका पिढीने भिंत दिसावी म्हणून जे लावलं, ते दुसऱ्या पिढ्या भिंत टिकावी म्हणून काढताहेत.

आगीचं दुर्दैव लंडनपुरतं थांबलं नाही. १९१७-१८ मध्ये अराई काम्पो हे जपानी चित्रकार अजिंठ्याला नकला करायला आले. त्यांच्या नकला टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १९२३ च्या कांतो भूकंपानंतरच्या आगीत त्या गेल्या. आणि मग २६ जानेवारी १९४९. जपानमधल्या होर्यूजी मंदिराच्या सुवर्णदालनातली सातव्या शतकातली भित्तिचित्रं, ज्यांच्या रेघेत अजिंठ्याचं नातं अनेकांना दिसतं, ती जळाली. तिथे नकला करण्याचं काम १९४० पासून चालू होतं. थंडीत बसायला चित्रकारांनी विजेवर तापणारी गादी वापरली होती, आग तिच्यातून लागली असावी असं मानलं गेलं. साऱ्या देशाला त्याचा धक्का बसला. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला, आणि २६ जानेवारी हा दिवस तिथे जुन्या मंदिरांत आगीच्या कवायती करून पाळला जातो. १९३५ मध्ये मूळ आकाराची छायाचित्रं काढून ठेवली होती. ती आणि आधीच्या नकला समोर ठेवून १९६७-६८ मध्ये जपानी चित्रकारांनी ती चित्रं नव्याने उभी केली.

मला या जपानी उदाहरणातलं एक फार आवडतं. जळालेल्या भिंती त्यांनी टाकून दिल्या नाहीत. काळ्या पडलेल्या त्या भिंती वेगळ्या इमारतीत जपल्या आहेत, नवीन चित्रं सुवर्णदालनात आहेत, आणि कोणती कोणती आहे हे लपवलेलं नाही. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की जुनं दिसेनासं करण्याकडे ओढा असतो. आपल्या भागातल्या कितीतरी देवळांच्या कोरीव खांबांवर ऑइल पेंटचे थर चढलेले तुम्ही पाहिले असतील. भक्तीनेच लावलेत, वर्गणी काढून लावलेत, आणि त्या भक्तीबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण त्या थराखाली छिन्नीची जी बारीक धार होती ती बुजली. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यासारखी जुनी मंदिरांची ठिकाणं आपल्या जिल्ह्यात आहेत. तिथे डागडुजी करायची वेळ येईल तेव्हा आधी फोटो, मोजमाप, रेखाटन, आणि काय पडलं आहे त्याची प्रामाणिक नोंद होऊ द्या, रंगाचा डबा नंतर उघडा. आपल्या शाळांतले चित्रकलेचे शिक्षक हे काम करू शकतात. पेस्तनजी अजिंठ्याला गेला तेव्हा विद्यार्थीच होता.

आणि शेवटची मागणी, जी मी मिळेल त्या व्यासपीठावरून करतो. गिल आणि ग्रिफिथ्स या दोघांच्या मिळून १६६ नकला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शिल्लक आहेत. १९५५ पासून त्यांपैकी एकही तिथे कायमची मांडलेली नाही. मूळ कॅनव्हास परत मागण्याचा वाद आज मी उकरत नाही. पण त्यांची पूर्ण आकाराची, उत्तम छापलेली प्रकाशचित्रं छत्रपती संभाजीनगरला आणि अजिंठ्याच्या पायथ्याशी लागायला काय हरकत आहे? लेण्यांत जाण्याआधी माणूस सुंदरीसमोर उजेडात उभा राहील, त्या वेळी भिंतीवर काय होतं आणि कुठली खपली तेव्हाच निघालेली होती ते बघेल, आणि मग आत जाईल. खाली पाटीवर ग्रिफिथ्सबरोबर पेस्तनजी बोमनजी आणि जगन्नाथ अनंत यांचीही नावं असावीत. सरकारकडे यासाठी पत्रव्यवहार करायचा तर पत्र मराठवाड्यातून गेलं पाहिजे. त्या पत्राचा मसुदा मी सोबत आणला आहे. व्याख्यान संपल्यावर दाराशी टेबलावर ठेवतो, ज्यांना पटेल त्यांनी सही करून जावी.